रोपे कोलमडणे

रोपे कोलमडणे हा बियांपासून नुकत्याच उगवलेल्या, तसेच उगवण्याच्या बेतात असलेल्या रोपांना होणारा मातीजन्य रोग आहे. इंग्रजीत त्यास ‘डॅम्पिंग ऑफ’ म्हणतात. मराठी शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख ‘रोपांना मर लागली’, ‘रोपे बसली’ किंवा ‘रोपांनी माना टाकल्या’ असा होतो. कृषिविषयक पुस्तकांत ‘रोपवाटिकेतील मर’ हे नावही आढळते. मात्र तूर, हरभरा यांसारख्या वाढलेल्या पिकांवरील मर रोग हा निराळा असून त्याच्याशी या रोगाची गल्लत करू नये. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फुलकोबी, कांदा, पपई, तंबाखू, झेंडू, पिटुनिया, झिनिया अशा अनेक वनस्पतींची रोपे त्यास बळी पडतात. शेतातील वाफ्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो घरात, बंद सज्ज्यात अथवा खिडकीशी ठेवलेल्या तबकांतील रोपांत उद्‌भवतो. बंदिस्त जागेत हवा खेळत नाही आणि ऊन अपुरे पडते, तर पाणी मात्र गरजेपेक्षा जास्त दिले जाते. प्रस्तुत लेखाचा भर घरात वाढविलेल्या रोपांवर आहे.

या रोगाविषयी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. एकदा कोलमडलेले रोप कोणत्याही औषधाने पुन्हा उभे राहत नाही. उपचार या शब्दाचा येथील अर्थ उरलेली रोपे वाचविणे एवढाच आहे.

लक्षणे

रोगाच्या दोन अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत बी मातीतच कुजते किंवा कोंब पृष्ठभागावर येण्यापूर्वीच नष्ट होतो. वरून काहीच दिसत नसल्यामुळे ‘बियाणे खराब निघाले’ असा समज होतो आणि दोष विक्रेत्याच्या माथी मारला जातो. शंका असल्यास माती हलकेच उकरून पाहावी. बी कोरडे व टणक असेल, तर ते रुजलेच नाही. ते मऊ, पिठूळ, तपकिरी झालेले असेल किंवा त्यातून निघालेला कोंब टोकाशी सडलेला असेल, तर तो बहुधा हा रोग असतो.

दुसरी अवस्था उगवणीनंतरची असून ती सर्वांच्या परिचयाची आहे. मातीला टेकलेल्या जागी, बीजदलांखालील दांड्यावर पाणी शोषल्यासारखा काचेरी डाग पडतो. तो तपकिरी होत जातो, दांडा तेथे दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. पडलेल्या रोपाची बीजदले काही तास हिरवी व टवटवीत दिसतात. पाण्याअभावी सुकणारे रोप आधी पानांपासून मलूल होते, या रोगात मात्र पाने ताजी असतानाच दांडा दगा देतो. निदानासाठी ही खूण उपयोगी आहे. संध्याकाळी सरळ उभी असलेली रोपे सकाळी लोळलेली दिसणे, हा या रोगातील नेहमीचा अनुभव आहे.

रोपे एकेकटी न मरता बहुधा ठिगळासारख्या गोल पट्ट्यांत मरतात. हे वर्तुळ दररोज बाहेरच्या बाजूस वाढत जाते. रोप तळाशी तिरपे तोडल्यासारखे दिसत असेल, तर कुरतडणाऱ्या अळीचा शोध घ्यावा. बीजदलांच्या कडा करपल्या असतील आणि दांडा शाबूत असेल, तर खताची मात्रा जास्त झाल्याचा संशय घ्यावा. मातीवर येणारी पांढरी बुरशीची लव किंवा हिरवे शेवाळ हा स्वतः रोग नव्हे. मात्र माती सतत ओली राहत असल्याची ती साक्ष असते.

पहिली खरी पाने फुटून दांडा थोडा काष्ठमय झाला की धोका बराच कमी होतो. पेशीभित्तिकांत लिग्निन साठते आणि त्यांतील पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाते. त्यामुळे रोगकारक जीवांची पेक्टिन विरघळविणारी एंझाइमे तितकीशी परिणामकारक ठरत नाहीत. उगवणीनंतरचे पहिले दोन ते तीन आठवडे निर्णायक असतात ते याच कारणाने.

रोगकारक जीव

हा रोग एकाच जीवामुळे होत नाही. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया सोलानी आणि फ्युजारियम हे त्याचे प्रमुख कारक होत. स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशीही उष्ण प्रदेशात रोपे मारते.

यांपैकी पिथियम व फायटोप्थोरा यांना व्यवहारात बुरशी म्हटले जात असले, तरी शास्त्रीयदृष्ट्या त्या खऱ्या बुरशी नव्हेत. त्यांच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकान यांच्या बनलेल्या असून, तपकिरी शैवले व डायाटम यांच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. त्यांची बीजुके दोन कशाभिकांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात आणि कोवळ्या मुळांतून पाझरणाऱ्या शर्करा व अमिनो अम्ले यांच्या दिशेने जातात. मातीच्या कणांमधील पाण्याचा पातळ थर हाच त्यांचा मार्ग असतो. हा मार्ग तोडला, म्हणजे माती वरून कोरडी होऊ दिली, की त्यांचा प्रसार मंदावतो. पिथियमची जाड भित्तिकेची विश्रामी बीजुके कोरड्या मातीतही वर्षानुवर्षे टिकतात. जुनी कुंडी वा तबक न धुता वापरण्यातील धोका तो हाच. पिथियम अल्टिमम थंड व ओल्या मातीत, तर पिथियम अफॅनिडर्मेटम उष्ण व ओल्या मातीत प्रबळ होते. त्यामुळे थंड देशांतील खिडकी असो वा महाराष्ट्रातील पावसाळा, कोणत्याही हवेत या रोगाला वाव मिळतो. अलीकडच्या वर्गीकरणात पिथियम प्रजातीचे विभाजन झाले असून पिथियम अल्टिममचा समावेश ग्लोबिस्पोरँजियम या नव्या प्रजातीत केला जातो. बागकामाच्या पुस्तकांत मात्र जुनेच नाव रूढ आहे.

रायझोक्टोनिया ही खरी बुरशी आहे. तिला पोहणारी बीजुके नसतात. ती कवकतंतूंच्या रूपाने एका रोपावरून शेजारच्या रोपावर सरकते, म्हणून दाट पेरणी तिला विशेष मानवते. पिथियमच्या तुलनेत तिला ओल कमी लागते. कोबीवर्गीय रोपांत ती दांडा पूर्ण न कुजविता त्यास तारेसारखा काळा व बारीक करते. असे रोप कधीकधी जगते, परंतु त्यास धड गड्डा धरत नाही.

मातीवर घोंघावणारी बारीक काळी चिलटे आणि त्यांच्या अळ्या मुळे कुरतडून रोगास वाट करून देतात, शिवाय पिथियमची बीजुके एका तबकातून दुसऱ्या तबकात नेतात. चिलटांचा सुळसुळाट हाही मातीत ओल साचल्याचाच पुरावा होय.

रोगास अनुकूल परिस्थिती

रोगकारक जीव थोड्याफार प्रमाणात सर्वत्र असतात. प्रश्न असतो तो रोप आणि रोग यांच्या शर्यतीचा. बी लवकर रुजले, रोप भरभर वाढले आणि दांडा वेळेत टणक झाला, तर रोगकारक जीव मातीत असूनही रोप निभावून जाते. रोपाची वाढ मंदावली की ते अधिक काळ कोवळे राहते आणि तेवढा काळ रोगाला मिळतो. रोगास अनुकूल अशा बहुतेक गोष्टींची संगती या एका सूत्राने लागते.

मिरची व वांगी यांचे बी मातीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असताना जोमाने रुजते. तेच बी १५ अंशांच्या मातीत पेरले, तर ते आठवडेच्या आठवडे फुगून पडून राहते. या अवधीत त्यातून पाझरणारी साखर पिथियमला आमंत्रण देते. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे अखेरचे धुके-दव गोठण्याचे दिवस सरण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मिरची-वांग्याची रोपे घरात करतात. खोली उबदार भासली, तरी खिडकीच्या थंड काचेला टेकलेल्या तबकातील माती बरीच गार असते. तेथे रोपे गेली, तर पुन्हा पेरण्यास तीन-चार आठवड्यांचा उशीर होतो. उन्हाळा छोटा असलेल्या प्रदेशात त्याचा अर्थ त्या वर्षी मिरची न मिळणे असाही होऊ शकतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती याच्या उलट असते. खरीप कांद्याची, टोमॅटोची वा मिरचीची रोपे पावसाळ्याच्या तोंडावर तयार करावी लागतात. उष्णता भरपूर, आभाळ ढगाळ आणि हवा दमट, अशा वेळी ऊन कमी मिळाल्याने रोपे उंच व लुसलुशीत होतात. शहरातील सज्ज्यात प्लास्टिक झाकून ठेवलेल्या तबकातही नेमकी हीच हवा तयार होते.

अपुरा प्रकाश, दाट पेरणी, निचरा नसलेले भांडे, खोल पेरलेले बी, न कुजलेले शेणखत आणि नत्रयुक्त खताची घाई ही उरलेली कारणे होत. बहुतेक बियांमध्ये पहिल्या दोन आठवड्यांपुरता अन्नसाठा असतोच. उगवत्या रोपास खत घालणे हे त्यास मदत नसून रोगाला मदत ठरते.

प्रतिबंध

पेरणीचे माध्यम

बागेतील किंवा शेतातील माती घरातील तबकासाठी थेट वापरू नये. नारळाच्या भुशापासून बनविलेले कोकोपीट, परलाइट व व्हर्मिक्युलाइट यांचे मिश्रण बरेचसे रोगमुक्त असते. महाराष्ट्रातील व्यावसायिक रोपवाटिका आता बहुतांशी कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रे वापरतात. प्रत्येक रोपाचा कप्पा वेगळा असल्याने एका रोपाचा रोग शेजाऱ्याकडे सहजी जात नाही. घरी प्रो-ट्रे नसेल, तर तळाला भोके पाडलेले कागदी पेले चालतात. मात्र कोकोपीट वरून कोरडे दिसले, तरी आत पुष्कळ पाणी धरून ठेवते. रंगावर न जाता भांडे उचलून त्याचे वजन पाहावे.

मातीच वापरायची असल्यास ती ओलसर करून वाफवावी. मातीच्या मध्यभागी सुमारे ८२ अंश सेल्सिअस तापमान अर्धा तास राहिले, की बहुतेक रोगकारक जीव मरतात. थोडी माती कापडात बांधून मोदकपात्रासारख्या वाफेच्या भांड्यात ठेवता येते, फक्त ते भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. वास सुटतो, ही तक्रार घरोघरी ठरलेली असते. माती ९० अंशांच्या फार वर तापविणे हितावह नाही. अशा मातीत अमोनिया व विद्राव्य मँगॅनीज वाढून रोपांस अपाय होतो. शिवाय अतितापाने उपकारक जीवही पूर्ण नष्ट होतात. अशा ‘रिकाम्या’ मातीत बाहेरून थोडे जरी पिथियम शिरले, तरी ते प्रतिस्पर्ध्याविना झपाट्याने फैलावते. वाफवलेली माती म्हणून स्वच्छ भांड्यातच भरावी आणि न धुतलेल्या हातांनी वा जुन्या खुरपीने ढवळू नये.

जुनी तबके प्रथम साबणाच्या पाण्याने घासावीत आणि मग एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात अर्धा तास बुडवून, धुऊन वाळवावीत. घासणे टाळून नुसते ब्लीचमध्ये बुडविल्यास विशेष लाभ होत नाही, कारण चिकटलेल्या मातीच्या संपर्काने ब्लीचचे सामर्थ्य संपते.

पाणी, हवा आणि उजेड

घरातील रोपे कोलमडण्यामागे बहुतेकदा पाण्याचा हात असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तबक पसरट भांड्यातील पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवून खालून पाणी शोषू द्यावे आणि नंतर उरलेले पाणी ओतून टाकावे. मातीचा वरचा थर कोरडा झाल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. वरून द्यावयाचे झाल्यास सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत दांडे कोरडे होतात. पिंपात साठविलेल्या पावसाच्या वा तळ्याच्या पाण्यात पिथियम असू शकते. रोपांपुरते तरी नळाचे पाणी बरे. बियांवर मातीऐवजी बारीक वाळूचा किंवा व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर दिल्यास दांड्याभोवतीचा भाग लवकर कोरडा होतो.

तबकावरील झाकण किंवा प्लास्टिक पहिले कोंब दिसताच काढावे. सर्व बी उगवेपर्यंत थांबण्याचा मोह अनेकांना होतो. आधी उगवलेली रोपे त्यापायी गमवावी लागतात. छोटा पंखा मंद गतीने, रोपे किंचित हलतील इतपत चालू ठेवावा. वाऱ्याने पृष्ठभाग कोरडा राहतो आणि सतत हलल्यामुळे दांडेही बुटके व जाड होतात. खिडकीतील ऊन अपुरे असल्यास दिवसाचे १४ ते १६ तास दिव्याचा प्रकाश द्यावा. उबेसाठी तबकाखाली ठेवायची विजेची तापपट्टी मिळते. रुजवण झाल्यावर ती बंद केली तरी चालते.

बी विरळ पेरावे. चिमूटभर बी एकाच जागी टाकून पुढे विरळणी करण्याची रीत रायझोक्टोनियाच्या पथ्यावर पडते. विरळणी करायचीच असेल, तर रोपे उपटू नयेत, कात्रीने कापावीत. उपटताना शेजारच्या रोपांची मुळे तुटतात.

बीजप्रक्रिया आणि जैविक उपाय

ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी रोगकारक बुरशींवर वाढते, त्यांचे अन्न व जागा बळकावते आणि त्यांना मारक द्रव्येही निर्माण करते. ट्रायकोडर्मा व्हिरिडी व ट्रायकोडर्मा हर्झियानम यांची भुकटी कृषी सेवा केंद्रांत सहज मिळते. एक किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम हे प्रमाण रूढ आहे. घरगुती चमचाभर बियांना तिचा केवळ हलका लेप पुरतो. ती माध्यमातही मिसळता येते. बॅसिलस सबटिलिस व स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हे जीवाणूही या कामी वापरतात. हे सर्व उपाय पेरणीपूर्वी करावयाचे असतात. रोपे पडू लागल्यावर ट्रायकोडर्मा शिंपडणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणे होय. पाकिटावरील अंतिम तारीख अवश्य पाहावी, कारण उन्हात ठेवलेल्या पाकिटात जिवंत बुरशी फारशी उरत नाही. तसेच ट्रायकोडर्मा व रासायनिक बुरशीनाशक एकाच वेळी देऊ नये.

थायरम किंवा कॅप्टन चोळलेले बियाणे बाजारात रंगीत स्वरूपात येते. ते हाताळल्यावर हात धुवावेत आणि उरलेले बी कधीही खाण्यात वा पक्ष्यांना घालण्यात आणू नये.

रोग दिसल्यानंतर

पहिले रोप पडलेले दिसताच हालचाल करावी लागते, एका रात्रीचाही विलंब महागात पडतो. पडलेली रोपे आणि त्यांच्या सभोवतालची दोन-तीन सेंटिमीटर माती, वरून निरोगी दिसणाऱ्या लगतच्या रोपांसह, चमच्याने उचलून कचऱ्यात टाकावी. ती कुंडीत किंवा घरच्या कंपोस्टात टाकू नये. तबक इतरांपासून दूर ठेवावे, झाकण काढावे, पाणी थांबवावे, पंखा लावावा आणि प्रकाश वाढवावा. कप्प्यांचे तबक असल्यास रोगट कप्पे कापून वेगळे करणे सर्वांत सोपे.

उरलेली रोपे मौल्यवान असतील, तर ती बीजदलांना धरून उचलून ताज्या, किंचितच ओलसर माध्यमात हलविता येतात. दांडा कधीही चिमटीत धरू नये. टोमॅटोचे रोप खोल लावल्यास दांड्यास नवी मुळे फुटतात. म्हणून काही जण डाग पडलेले टोमॅटोचे रोपही खोल पुरून वाचविण्याचा प्रयत्न करतात. डाग पडलेला भाग मातीत गाडल्याने कूज उलट वेगाने वर चढते. ही युक्ती केवळ निरोगी पण लांबुळक्या झालेल्या रोपांसाठी आहे.

शेतातील वाफ्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम या प्रमाणात मिसळून रोपांच्या मुळाशी ओततात. यास आळवणी म्हणतात. मेटॅलॅक्झिलयुक्त औषधे पिथियम व फायटोप्थोरावर गुणकारी असली, तरी रायझोक्टोनियावर त्यांचा परिणाम होत नाही. कारक जीव न ओळखता दिलेले औषध वाया जाते, ते याच कारणाने. राहत्या घरात, विशेषतः मुले व पाळीव प्राणी असताना, दहा-वीस रोपांसाठी ही औषधे आणणे क्वचितच समर्थनीय ठरते. अर्धे तबक गेले असेल, तर औषधाच्या मागे न लागता स्वच्छ तबकात त्याच दिवशी नवे बी पेरणे अधिक शहाणपणाचे. हे पचायला कठीण असते आणि अनेक जण मरू घातलेल्या रोपांची आठवडाभर शुश्रूषा करून पेरणीचा हंगाम गमावतात. सर्व बी एकदाच न पेरता थोडे मागे ठेवण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडते.

घरगुती उपाय

दालचिनीची पूड, हळद, राख, कॅमोमाइल फुलांचा गार काढा, हायड्रोजन पेरॉक्साइड असे अनेक उपाय सुचविले जातात. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखते, हे खरे आहे. परंतु मातीवर भुरभुरलेली स्वयंपाकघरातील पूड मातीखालच्या पिथियमपर्यंत पोहोचते, असे गृहीत धरता येत नाही. वरची पांढरी लव तेवढी कमी होते आणि उपाय लागू पडल्याचा भास होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मातीतील सेंद्रिय पदार्थांच्या संपर्कात येताच विघटित होत असल्याने त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. राख जास्त झाल्यास मातीचा अल्कधर्मीपणा वाढतो. हे उपाय करणारे बहुधा त्याच सुमारास पाणी कमी करतात व झाकणही काढतात, हे लक्षात घेतले पाहिजे. रोपे वाचण्याचे श्रेय मात्र दालचिनीला मिळते.

उष्णतेने मातीचे शुद्धीकरण : राब आणि सूर्यतापन

कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात भातरोपांसाठी जमीन भाजण्याची जुनी पद्धत आहे. तीस राब भाजणे, काही भागांत दाढ भाजणे, असे म्हणतात. पावसापूर्वी वाफ्याच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते पेटविले जातात. तणांचे बी मरणे, राखेतून पोषण मिळणे आणि मातीतील उपद्रवी जीव कमी होणे असे तिहेरी फळ त्यातून मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला होता. झाडांची तोड व सेंद्रिय पदार्थांचा नाश यांमुळे आज राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यांचा सल्ला दिला जातो.

सूर्यतापन ही त्याच तत्त्वावरील धूररहित पद्धत आहे. इझ्राएलचे शास्त्रज्ञ याकोव्ह काटान यांनी १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह ती मांडली. ओली जमीन पातळ, पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून उन्हात तापविली जाते. महाराष्ट्रातील एप्रिल-मे महिने त्यास अत्यंत योग्य आहेत. कुंडीत भरावयाची माती ओली करून पारदर्शक पिशवीत, गच्चीवर पातळ थरात पसरून ठेवल्यास घरगुती प्रमाणावरही हे साधते. काळे प्लास्टिक वापरू नये. ते स्वतः तापते, पण ऊन आत जाऊ देत नसल्याने माती तुलनेने कमी तापते.

इतिहास

हेस्से यांनी १८७४ मध्ये कोलमडणाऱ्या रोपांवरील पिथियमचे वर्णन करून त्यास जर्मन वनस्पतिरोगशास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांचे नाव दिले. भारतात पुसा येथील शासकीय कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एडविन जॉन बटलर यांनी १९०७ मध्ये पिथियम प्रजातीवरील प्रबंध प्रसिद्ध केला. तो दीर्घकाळ या विषयातील आधारग्रंथ मानला गेला. पिथियमच्या एका जातीस पुढे बटलर यांचेही नाव देण्यात आले.

इंग्लंडमधील चेसहंट येथील संशोधन केंद्रात डब्ल्यू. एफ. ब्यूली यांनी मोरचूद दोन भाग व अमोनियम कार्बोनेट अकरा भाग असे मिश्रण तयार केले. चेसहंट मिश्रण या नावाने ते अनेक दशके घरोघरी वापरात होते. १९३०च्या दशकात लंडनजवळील जॉन इन्स संस्थेत प्रिम्युलाची प्रयोगासाठी लावलेली रोपे वारंवार मरू लागल्याने लॉरेन्स व न्यूवेल यांनी माध्यमाचाच अभ्यास हाती घेतला. वाफवलेली माती, पीट व वाळू यांचे ठराविक प्रमाणातील मिश्रण त्यांनी सिद्ध केले. बियांसाठीच्या मिश्रणात हे प्रमाण अनुक्रमे २ : १ : १ असे होते. १९५७ मध्ये केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत स्वच्छ माध्यम, स्वच्छ बियाणे व स्वच्छ हाताळणी यांची एकत्रित पद्धती मांडली गेली. हवामिश्रित वाफेने माती सुमारे ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापविण्याचा पुरस्कारही बेकर यांनी केला. त्या तापमानाला रोगकारक जीव मरतात, पण मातीतील उपकारक जीवांपैकी पुष्कळसे तगून राहतात.